हात कुठून कुठे गेले? अंगावर उपचार करणाऱ्या नव्या थेरपिस्टसाठी संसर्ग टाळण्याची रीत

मसाज, फिजिओथेरपी, अ‍ॅक्युप्रेशर, कपिंग (कप लावून कातडी ओढून धरणं), पायांची रिफ्लेक्सॉलॉजी (तळव्यांवरच्या ठरावीक जागा दाबणं). उपचार कोणताही असो, आपलं काम उघड्या कातडीवर, बऱ्याचदा तेल लावून, अर्धा-पाऊण तास चालतं. डॉक्टर नाडी बघून हात काढून घेतात, आपण काढत नाही. खरजेचा किडा नुसत्या हस्तांदोलनातून सहसा दुसऱ्याकडे जात नाही. त्याला कातडीला कातडी लागून बराच वेळ मिळावा लागतो. तो वेळ आपण पैसे घेऊन देतो.

म्हणूनच रुग्णालयातले नियम जसेच्या तसे उचलून आपलं भागत नाही. जंतुनाशकांची नावं पाठ करण्याआधी एक सवय लावून घ्या: आपला हात शेवटचा कुठे लागला आणि आता कुठे लागणार, याचा मनात हिशेब ठेवायचा. खालच्या बहुतेक पायऱ्या या हिशेबातूनच निघतात.

पहिली पायरी: कामाला लागण्याआधी स्वतःकडे बघा

नखं बोटाच्या टोकापुढे दिसणार नाहीत इतकी कापा. नेलपॉलिश आणि चिकटवलेली नखं या कामात चालत नाहीत, कारण जंतू नखाखाली आणि पॉलिशच्या तड्यांत बसतात आणि धुऊनही पुरते निघत नाहीत. अंगठी, घड्याळ, बांगड्या, मनगटातला दोरा, सगळं काढून ठेवा. बाह्या कोपराच्या वर हव्यात. केस बांधलेले हवेत, नाहीतर वाकलं की ते ग्राहकाच्या पाठीवर लोळतात.

हातांवर उजेडात एक नजर टाका. कापलेलं, खरचटलेलं, नखाच्या बाजूची सालं निघालेली जागा असेल तर पाणी न शिरणारी पट्टी लावा. पट्टी बोटाच्या टोकावर असेल तर ती तेलाने सुटतेच, तेव्हा वरून बोटमोजा किंवा हातमोजा घाला. बोटावर पू असेल, किंवा पाण्याने भरलेले बारीक फोड दुखत असतील, तर त्या दिवशी काम करू नका. ओठावर येणाऱ्या पाण्याच्या फोडांचा विषाणू बोटालाही धरतो आणि त्या बोटातून पुढच्या माणसाला जातो.

दुसरी पायरी: हात धुणं

ही पायरी सगळ्यांना येते असं सगळ्यांना वाटतं. आपल्या कामात अडचण तेलाची आहे. तेलकट हातावर सॅनिटायझर चोळला तर तो तेलावरच पसरतो, कातडीपर्यंत नीट पोचत नाही. म्हणून उपचारानंतर सॅनिटायझर पुरेसा नाही, साबण आणि पाणीच हवं.

रीत अशी. आधी कागदी रुमालाने तेल पुसून काढा. मग हात ओले करून साबण घ्या आणि फेस करा. तळवे, हातांचे पंजे मागून, बोटांच्या बेचक्या, दोन्ही अंगठे वेगवेगळे, बोटांची टोकं तळव्यावर घासून, मग मनगटं. तुम्ही दाब देण्यासाठी कोपर किंवा कोपराखालचा हात वापरत असाल तर साबण कोपरापर्यंत गेला पाहिजे. हे विसरणारे खूप, कारण हात धुण्याच्या बहुतेक चित्रांत हात मनगटापाशी संपतो. अजून निसरडं वाटलं तर पुन्हा एकदा साबण. जागतिक आरोग्य संघटना या सगळ्या क्रियेला ४० ते ६० सेकंद सांगते. तेल असेल तर जास्तच लागतात.

पाणी कोमट असलं तर बरं, कडकडीत नको. हाताला सोसेल इतक्या गरम पाण्याने जंतू मरत नाहीत, कातडी मात्र कोरडी पडते. नंतर कागदी रुमालाने किंवा एकदाच वापरायच्या छोट्या टॉवेलने हात पूर्ण कोरडे करा, कारण ओल्या हातावरून जंतू जास्त सहज पसरतात. नळ त्याच कागदाने बंद करा. बेसिनपाशी दिवसभर टांगलेला एकच टॉवेल असेल तर तो आजच काढून टाका.

सॅनिटायझर बाद नाही. हात कोरडे आणि दिसायला स्वच्छ असतील तेव्हा तो झटपट काम करतो. त्यात अल्कोहोल किमान ६० टक्के हवं आणि तो सुकेपर्यंत, म्हणजे साधारण २० ते ३० सेकंद, चोळायला हवा. उलट्या-जुलाबांच्या नोरोव्हायरसवर त्याचा फारसा भरवसा नाही.

कधी धुवायचे? ग्राहकाला हात लावण्याआधी आणि उपचार संपल्यावर, हे उघड आहे. चादरी-टॉवेल गोळा केल्यावर, हातमोजे काढल्यावर, शिंकल्यावर, पैसे किंवा मोबाइल हाताळल्यावरही धुवा. आणि पायांवरून चेहऱ्याकडे जाताना, मग मध्येच उठावं लागलं तरी.

तिसरी पायरी: भेट ठरवतानाच विचारा

ग्राहक टेबलावर झोपल्यावर ‘आज नको’ म्हणणं दोघांनाही अवघड जातं. म्हणून भेट ठरवतानाच सगळ्यांना सारखेच प्रश्न विचारा: ताप, खोकला, उलट्या-जुलाब आहेत का? अंगावर कुठे पुरळ, फोड, जखम, खाज आहे का? नुकतीच शस्त्रक्रिया किंवा टॅटू झालाय का? रोगप्रतिकारशक्ती कमी करणारे उपचार चालू आहेत का? शेवटचा प्रश्न ग्राहकाला जपण्यासाठी आहे. केमोथेरपी घेणाऱ्याला आपल्या साध्या सर्दीचाही त्रास होऊ शकतो, आणि अशा वेळी त्यांच्या डॉक्टरांचा होकार घेणं बरं.

एचआयव्ही किंवा कावीळ ब (हिपॅटायटिस बी) आहे का, असं खोदून विचारायची गरज नाही. कुणाच्याही रक्तात काहीही असू शकतं असं धरून प्रत्येकाशी सारखीच काळजी घ्यायची, हा नियम त्यासाठीच आहे. अनेकांना स्वतःचा आजार माहीतही नसतो. आणि कुणी आपणहून सांगितलं तर ते तुमच्याजवळच राहिलं पाहिजे.

उपचाराआधी चांगल्या उजेडात कातडी बघा. मंद दिवे आणि मेणबत्त्या नंतर लावा.

गोल, कडेला लाल आणि मध्ये साफ होत जाणारा, खाजणारा चट्टा बहुधा गजकर्णाचा असतो. त्या जागेला हात लावायचा नाही. एकच लहान चट्टा झाकता येत असेल तर बाकी अंगावर काम करता येतं, पण चट्टे पसरलेले असतील तर उपचार पुढे ढकला. ही बुरशी कापडावर आणि जमिनीवर कित्येक महिने टिकू शकते.

बोटांच्या बेचक्या, मनगट, कंबर इथे बारीक पुरळ आणि रात्री वाढणारी खाज ही खरजेची खूण. पहिल्यांदा खरूज होणाऱ्याला खाज सुटायला ४ ते ६ आठवडेही लागतात आणि तोवर तो ती इतरांना देत असतो. अशा ग्राहकाला डॉक्टरांकडे पाठवा. उपचार पूर्ण झाल्यावर परत या म्हणा.

मधाच्या रंगाची खपली धरणारे फोड, पुवाने भरलेलं गळू, ओठावरचे पाण्याचे फोड: यांच्या जवळपासही तेल नेऊ नका, कारण तेलाबरोबर पू आणि पाणी अंगभर पसरतं. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठलेली नागीण असेल, तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत थांबा. ज्या थेरपिस्टला कांजिण्या झालेल्या नाहीत आणि लसही घेतलेली नाही, तिला किंवा त्याला या फोडांतून कांजिण्या होऊ शकतात. गरोदर थेरपिस्टने इथे विशेष जपावं.

लाल, गरम, सुजलेली, पसरत जाणारी जागा आणि सोबत ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर तो संसर्ग नसून रक्ताची गुठळी असू शकते. तिथे मालिश करणं धोक्याचं आहे.

आता उलट बाजू. सोरायसिस, कोड, इसब हे लागणारे आजार नाहीत. कोड असलेल्या माणसाला हात लावायला कचरणारा थेरपिस्ट त्याचा अपमान करतो, आणि तोही अज्ञानापोटी. कातडी फुटलेली किंवा ओली नसेल तर नेहमीसारखं काम करा. तेल कोणतं चालतं एवढं विचारून घ्या. आणि दिसलेल्या आजाराचं निदान करणं आपलं काम नाही. ‘हे खरूज आहे’ म्हणू नका. ‘इथे मला पुरळ दिसतंय, डॉक्टरांना दाखवून मग करू’ एवढं पुरे.

चौथी पायरी: टेबल आणि खोली

धुणं आणि निर्जंतुक करणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि क्रम उलटा चालत नाही. वर तेलाचा थर असताना जंतुनाशक फवारला तर ते खालच्या जंतूपर्यंत जातच नाही. आधी साबणाच्या पाण्याने पुसा, मग जंतुनाशक लावा.

जंतुनाशक लावून लगेच फडक्याने पुसणं ही या धंद्यातली सर्वांत पसरलेली वाईट सवय आहे. प्रत्येक जंतुनाशकाच्या बाटलीवर तो पृष्ठभाग किती वेळ ओला राहिला पाहिजे ते लिहिलेलं असतं. काहींना १ मिनिट लागतं, काहींना १०. तेवढा वेळ ओलं ठेवा. दोन भेटींमध्ये १५ मिनिटं मोकळी ठेवायची ती यासाठीच. भेटी पाठोपाठ लावल्या की पहिला बळी याच पायरीचा जातो.

अल्कोहोल ७० टक्क्यांचं वापरा. शुद्ध अल्कोहोल जास्त जोरदार असेल असं वाटतं, पण जंतूंमधली प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतं, शिवाय शुद्ध अल्कोहोल उडूनही लवकर जातं. रोज अल्कोहोल लावून टेबलाचं रेक्झिन मात्र कडक होऊन तडकतं. तडकलेलं रेक्झिन निर्जंतुक करता येत नाही, ते बदलावं लागतं. म्हणून टेबलासाठी उत्पादकाने सांगितलेलं जंतुनाशकच बरं.

ब्लीच वापरणार असाल तर हिशेब असा: ५ टक्क्यांच्या ब्लीचचा १ भाग आणि पाणी ४९ भाग घेतलं की ०.१ टक्क्याचं द्रावण होतं. ते रोजच्या पृष्ठभागांना चालतं. रक्त सांडलं असेल तर १ भाग ब्लीचला ९ भाग पाणी, म्हणजे ०.५ टक्के. बाटलीवरचं प्रमाण आधी वाचा, सगळी ब्लीच ५ टक्क्यांची नसतात. द्रावण गार पाण्यात रोज ताजं करा. आणि ब्लीच अ‍ॅसिडमध्ये, व्हिनेगरमध्ये किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

काय काय पुसायचं? टेबल आणि त्याचे पाय-कडा, चेहरा टेकवायची गादी आणि तिची चौकट, उशा, स्टूल, तेलाच्या बाटल्या, दाराची मूठ, दिव्याचं बटण, नळ, पैसे घ्यायचं यंत्र. चेहऱ्याच्या गादीकडे जास्त लक्ष द्या. तिथे माणूस अर्धा-पाऊण तास नाक-तोंड टेकवून श्वास सोडतो. आणि शक्य असेल तेव्हा खिडकी उघडा. बंद खोलीत दिवसभराचे श्वास साठत जातात, ते जंतुनाशकाने जात नाहीत.

पाचवी पायरी: तेल आणि क्रीम

उघड्या बरणीत बोटं बुडवायची नाहीत. एका ग्राहकाच्या अंगावरचा हात बरणीत गेला की पुढच्या सगळ्या ग्राहकांना त्याचा वाटा मिळतो. पंपाची बाटली घ्या, किंवा लागेल तेवढं तेल स्वच्छ वाटीत काढून घ्या आणि उरलेलं टाकून द्या. हो, चांगलं तेल टाकताना जिवावर येतं; म्हणून आधीच कमी काढा. पंप दाबायला मनगटाची मागची बाजू वापरा.

निव्वळ तेलात जीवाणू सहसा वाढत नाहीत, पण लोशन आणि क्रीममध्ये पाणी असतं, तिथे ते वाढू शकतात. अर्धी संपलेली बाटली वरून भरत राहू नका. रिकामी करा, धुवा, पूर्ण सुकवा, मग भरा.

सहावी पायरी: उपचार चालू असताना

सुरुवातीच्या हिशेबाची खरी परीक्षा इथे आहे. शक्यतो चेहरा आधी आणि पाय शेवटी. क्रम बदलायचाच असेल तर मध्ये हात धुवा. पायांच्या उपचाराआधी ग्राहकाचे पाय धुऊन, बोटांच्या बेचक्यांत कोरडे करून घ्या.

मध्येच हात स्वतःच्या नाकाकडे, केसांकडे, चष्म्याकडे जातो का, बघा. जवळपास सगळ्यांचा जातो. मोबाइल खोलीबाहेर ठेवा. गाणं बदलायला तेलकट बोटाने पडद्याला हात लावला की स्वच्छतेची साखळी तुटली. शिंक आली तर मागे वळून कोपरात शिंका, माफी मागा, हात धुऊन या.

लवीच्या उलट दिशेने जोरात चोळल्याने केसांची मुळं सुजून बारीक पुळ्या येऊ शकतात. केसाळ पायांवर तेल थोडं जास्त घ्या आणि लवीच्या दिशेने काम करा. नुकतेच दाढी केलेले किंवा वॅक्स केलेले भाग त्या दिवशी टाळा, तिथे कातडीला न दिसणाऱ्या चिरा असतात.

हातमोजे नेहमी लागत नाहीत. तुमच्या हाताला जखम असेल, ग्राहकाच्या रक्ताशी किंवा पुवाशी संबंध येऊ शकत असेल, किंवा तोंडाच्या आतल्या स्नायूंवर काम असेल, तेव्हा घाला. लॅटेक्स घेऊ नका, तेलाने ते कमकुवत होऊन फाटतात आणि काहींना त्याची अ‍ॅलर्जीही असते. नायट्राइल घ्या. हातमोजा काढल्यावर हात धुवायचेच.

सातवी पायरी: साधनं

अर्ल स्पॉल्डिंग या शास्त्रज्ञाने साधनांची वर्गवारी करून दिली, ती आजही उपयोगी पडते. धड कातडीला लागणारं साधन स्वच्छ करून साधं जंतुनाशक लावलं तरी चालतं. तोंडाच्या आतल्यासारख्या ओल्या आवरणाला किंवा फुटलेल्या कातडीला लागणारं असेल तर वरच्या दर्जाचं निर्जंतुकीकरण हवं. आणि कातडीच्या आत जाणारं साधन पूर्ण निर्जंतुक, म्हणजे स्टराइलच असायला हवं.

गरम दगड पहिल्या गटात येतात. साबणाने तेल काढा, जंतुनाशक लावा, आणि हीटरमधलं पाणी रोज टाकून भांडं कोरडं ठेवा. कपिंगचे कप दिसतात साधे, पण ओढीने फोड फुटला किंवा आधी कातडी चिरलेली असली की ते रक्ताच्या संपर्कात येतात, म्हणून त्यांना दुसऱ्या गटात धरा. काचेचे किंवा जाड प्लास्टिकचे कप घ्या. बांबूचे कप आणि न रंगवलेली लाकडी साधनं सच्छिद्र असतात, ती खात्रीने निर्जंतुक करता येत नाहीत. वापरायचीच असतील तर एका ग्राहकाला एक. सुया पाकिटातून काढून एकदाच वापरायच्या. वापरलेल्या सुईवर टोपण परत बसवायचं नाही, ती थेट जाड, न भोसकणाऱ्या डब्यात टाकायची, आणि डबा तीन चतुर्थांश भरला की बंद.

पाय बुडवायच्या टबबद्दल जरा जास्त सांगतो. २००० साली कॅलिफोर्नियातल्या एका नेल सलूनमध्ये शंभरावर ग्राहकांच्या पायांना गळवं झाली. कारण निघालं पायांच्या भोवरा-टबांत, पाणी ओढणाऱ्या जाळीमागे साचलेले केस आणि कातडीचा कचरा. तिथे मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम हा जंतू वाढत होता. टबात पाय घालण्याआधी पायांवरचे केस रेझरने काढलेल्या बायकांना धोका जास्त होता. टब वरून चकचकीत दिसत असणार. तुमच्याकडे जाळी असेल तर ती रोज उघडून धुवा. नवा टब घेणार असाल तर नळ्या नसलेला साधाच घ्या.

आठवी पायरी: कापड

चादर, टॉवेल, चेहऱ्याच्या गादीचं कव्हर, अंगावर घ्यायचं पांघरूण: एका ग्राहकाला एक. ‘फक्त दहा मिनिटं वापरलं’ हा युक्तिवाद ऐकून घेऊ नका, स्वतःचाही नाही. काढताना चादर आतल्या बाजूला गुंडाळत आणा, झटकू नका, आणि अंगाला न लावता झाकणाच्या डब्यात टाका. मळलेलं आणि धुतलेलं एका कपाटात ठेवायचं नाही.

धुताना ६० अंश सेल्सियसचं पाणी आणि चांगला डिटर्जंट चालतो. खरजेचा संशय आलाच, आणि एखादी वस्तू धुता येत नसेल, तर ती प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून निदान आठवडाभर बाजूला ठेवा. माणसाच्या अंगापासून दूर हा किडा साधारण दोन-तीन दिवसच जगतो.

संसर्गाशी थेट संबंध नसलेली, पण सांगायलाच हवी अशी एक गोष्ट. तेल पूर्ण न गेलेले टॉवेल ड्रायरमध्ये सुकवून गरम असतानाच ढीग करून ठेवले, तर ते आतल्या आत तापत जाऊन पेट घेऊ शकतात. हे खरंच घडतं. टॉवेल पूर्ण गार करून, पसरून ठेवा. धुतल्यावरही खवट वास येणारा टॉवेल बाद करा.

रक्त दिसलं तर

काम थांबवा. हातमोजे घाला. ग्राहकाच्या जखमेवर स्वच्छ कापूस दाबून पट्टी लावा. सांडलेलं रक्त कागदाने टिपून घ्या, मग साबणाने पुसा, मग वर सांगितलेलं ०.५ टक्क्याचं ब्लीच १० मिनिटं ठेवा. वाळलेला डाग किरकोळ समजू नका: कावीळ बचा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस टिकतो.

तुम्हालाच सुई टोचली किंवा जखमेवर दुसऱ्याचं रक्त उडालं, तर ती जागा साबण-पाण्याने धुवा. पिळू नका, ब्लीच लावू नका. डोळ्यात उडालं तर भरपूर पाण्याने धुवा. लगेच डॉक्टर गाठा; एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि जितकी लवकर तितकी चांगली.

स्वतःची काळजी

कावीळ बची लस घ्या. नेहमीच्या पद्धतीत तीन डोस असतात: पहिला, त्यानंतर १ महिन्याने दुसरा, आणि पहिल्यापासून ६ महिन्यांनी तिसरा. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून लस लागू पडली का ते बघता येतं. धनुर्वात, गोवर, कांजिण्या, फ्लू यांच्या लसींबद्दल डॉक्टरांना विचारा.

ताप असेल तर काम नाही. तो औषधाविना उतरून २४ तास झाल्यावरच परत या. उलट्या-जुलाब असतील तर शेवटच्या वेळेनंतर ४८ तास. नव्या थेरपिस्टला भेट रद्द करणं परवडत नाही असं वाटतं, म्हणून आधीच एखाद्या ओळखीच्या थेरपिस्टशी बोलून ठेवा: मी आजारी तर माझे ग्राहक तू घे, तू आजारी तर तुझे मी.

शेवटी हातांची कातडी. इतकं धुऊन ती कोरडी पडणार, चिरणार, आणि चिरलेल्या कातडीत जंतू शिरायला वाट मिळते. बिनवासाचं मलम दिवसातून दोन-तीनदा आणि रात्री झोपताना चोळा. पुरळ, आग किंवा भेगा पंधरा दिवसांत बऱ्या झाल्या नाहीत तर साबण आणि तेल दोन्हीची पाकिटं घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.